एका ॲपवर हिरवा, दुसऱ्यावर लाल : देशाची हवा मोजतात तरी कशी?

परवा सकाळी साडेसहाला आमच्या घरच्या ग्रुपवर दोन स्क्रीनशॉट पडले, एक दादाचा आणि एक मावशीचा, दोन्ही ठाण्याचेच. दादाच्या ॲपवर १५३, लाल रंग, बाहेर व्यायाम टाळा. मावशीच्या ॲपवर ९८, हिरवा रंग, समाधानकारक. आणि मधे आमची आई, दमा असलेली, बूट घालून दारात उभी, विचारतेय की मी फिरायला जाऊ की नको ते एकदा ठरवून सांगा.

आईला दमा झाल्यापासून मी हे हवेचे आकडे बघत आलेय, आधी घाबरून आणि मग समजून घेण्यासाठी. मी यातली तज्ज्ञ नाही, पण इतकी वर्षं डेटा डाउनलोड करून करून जे कळलं ते साध्या भाषेत लिहावंसं वाटलं, कारण दर हिवाळ्यात हाच गोंधळ प्रत्येक घरात होतो आणि त्या गोंधळात खरा प्रश्न बाजूलाच राहतो. आजची हवा कशी आहे हा एक प्रश्न झाला. दहा वर्षांत आपल्या देशाची हवा सुधारली की बिघडली, आणि ते कळतं कशावरून, हा दुसरा, आणि मला वाटतं जास्त महत्त्वाचा.

दोन आकडे, हवा मात्र एकच

आधी तो ९८ आणि १५३ चा घोळ मिटवू. ॲपवर दिसतो तो एक्यूआय, म्हणजे हवेचा निर्देशांक. हवेत थेट मोजली जाणारी ही गोष्ट नाही, मोजलेल्या गोष्टींना दिलेले मार्क आहेत ते. आपल्या देशाचा एक्यूआय एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला, त्यात आठ प्रदूषकं धरलीत : धुळीचे दोन प्रकार (जरा जाड ती पीएम १० आणि बारीक ती पीएम २.५), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचे वेगळे मार्क काढतात आणि त्यातला जो सगळ्यात वाईट तोच शहराच्या नावापुढे लागतो. सरासरी नाही काढत. म्हणजे सात विषयांत पोरगं उत्तम असलं आणि गणितात गचकलं तर रिझल्ट गणिताचाच. आपल्याकडे हे "गणित" बहुतेक वेळा पीएम २.५ किंवा पीएम १० असतं.

पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, आपल्या केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा-तिसावा भाग. नाकातल्या केसांना, घशाला चकवून फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात म्हणून त्यांची एवढी काळजी.

आता ठाण्यात त्या दिवशी समजा दर घनमीटर हवेत ५९ मायक्रोग्रॅम पीएम २.५ होतं (मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग). भारतीय पद्धतीत ६० पर्यंत "समाधानकारक", म्हणून ५९ चा एक्यूआय येतो ९८. अमेरिकन पद्धतीत त्याच ५९ ला येतात १५३, कारण तिथली पट्टी जास्त कडक आहे. बरीच खासगी ॲप अमेरिकन पट्टी वापरतात. म्हणजे दादाही खोटं बोलत नव्हता आणि मावशीही नाही, पेपर एकच होता, तपासणारे दोन होते.

अजून एक फरक असतो. सरकारी आकडा हा मागच्या २४ तासांची सरासरी असतो, संध्याकाळी चारला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ रोज बुलेटिन काढतं, समीर नावाचं त्यांचं ॲपही आहे. काही खासगी ॲप मात्र आत्ताच्या तासाचा आकडा दाखवतात. मिरचीची फोडणी घातली त्या मिनिटाला घरात केवढा ठसका लागतो आणि दिवसभराची घरातली हवा कशी होती, एवढा फरक पडू शकतो यात.

आणि आपला एक्यूआय ५०० ला थांबतो. १८ नोव्हेंबर २०२४ ला दिल्लीचा सरकारी आकडा ४९४ होता आणि त्याच काळात काही ॲपवर हजाराच्या वर आकडे दिसत होते, तेव्हा लोक म्हणाले सरकार लपवतंय. पण पट्टीच ५०० ची असेल तर त्यावर हजार दिसणार कुठून. ती पट्टी पुढे वाढवायला हवी का हा प्रश्न योग्य आहे, मला वाटतं वाढवायला हवी.

म्हणून माझी सगळ्यांना एकच विनंती असते, एक्यूआय बाजूला ठेवा आणि मायक्रोग्रॅमचा आकडा बघा, तो बऱ्याच ॲपवर शोधला तर सापडतो.

मोजतात म्हणजे नक्की काय करतात

जुनी पद्धत अगदी साधी आहे. एक पंप हवा ओढतो, ती हवा एका गोल फिल्टर पेपरमधून जाते, कण पेपरवर अडकतात. पेपर आधी वजन केलेला असतो, नंतर परत वजन करायचं, फरक म्हणजे धूळ. पीएम २.५ च्या यंत्रातून तासाला साधारण १ घनमीटर हवा जाते, म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर. हवेत ६० मायक्रोग्रॅम धूळ असेल तर पूर्ण दिवसात पेपरवर जमते फक्त १.४ मिलिग्रॅम, चहात घालायच्या साखरेचे एक-दोन दाणे बस. एवढंसं वजन करायचं म्हणून पेपर आधी कोरड्या, ठरावीक ओलाव्याच्या खोलीत ठेवावा लागतो, हात लावायचा नाही, चिमट्याने धरायचा, नाहीतर बोटाचा घामच हवेतल्या धुळीपेक्षा जास्त भरायचा. वायूंसाठी हवा एका द्रावणातून बुडबुडे काढत नेतात आणि लॅबमध्ये त्या द्रावणाला किती रंग चढला त्यावरून प्रमाण काढतात. हे सगळं माणसं करतात, ऊन असो पाऊस असो कोणीतरी गच्चीवर चढून पेपर बदलतं, आणि त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

नवी पद्धत म्हणजे कायम चालू राहणारी ऑटोमॅटिक स्टेशनं, चौकात किंवा कॉलेजच्या आवारात जी पेटीसारखी केबिन दिसते ती. त्यातल्या धूळ मोजणाऱ्या यंत्रात बहुधा फिल्टरची पट्टी सरकत राहते आणि तिच्यातून बीटा किरण सोडतात, धूळ जास्त तर पलीकडे किरण कमी पोचतात. पावसाळी काचेतून बाहेरचा दिवा किती मंद दिसतो त्यावरून काच किती धुरकट झालीय ते ओळखावं, तसं. हा डेटा सर्व्हरवर जातो आणि तिथून ॲपवर.

"आठवड्यातून दोनच दिवस मोजतात? मग काय उपयोग?"

हा प्रश्न मला हमखास येतो, आणि खरंय, मॅन्युअल, म्हणजे त्या जुन्या पद्धतीच्या स्टेशनवर आठवड्यातून दोन दिवस, वर्षात किमान १०४ दिवस मोजायचा नियम आहे. आज फिरायला जाऊ का याला तो डेटा काहीच कामाचा नाही. पण घरात डायबिटीसचा पेशंट असेल तर पटकन कळेल मी काय म्हणतेय ते. बोटाला टोचून बघतो ती आत्ताची शुगर, लाडू खाल्ला की वर, उपास केला की खाली. डॉक्टर मात्र तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट सांगतात, कारण औषध लागू पडतंय का ते तिथे कळतं. ॲपवरचा आकडा बोटाला टोचलेली शुगर आहे, आणि वर्षाची सरासरी ही ती दुसरी टेस्ट. वर्षभर पसरलेले १०४ दिवस, तिन्ही ऋतू धरून, नीट मोजले तर सरासरीचा बऱ्यापैकी खात्रीचा अंदाज येतो. मधले महिनेच गायब असले की मात्र सगळं कोसळतं, त्यावर पुढे येते.

आणि या मॅन्युअल स्टेशनांकडे एक गोष्ट आहे जी नव्याकडे नाही, वय. आपल्याकडे हवा मोजायचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८४ मध्ये सुरू झाला तो आग्रा आणि अनपारा इथल्या सात स्टेशनांनी. त्याच्याही आधी, १९७८ पासून, नागपूरची नीरी ही संस्था देशातल्या मोठ्या शहरांत हवा मोजत होती, ही आपल्या नागपूरची गोष्ट महाराष्ट्रातच किती कमी जणांना माहीत आहे. आज मॅन्युअल स्टेशनं साडेनऊशेच्या आसपास आणि ऑटोमॅटिक पाचशेच्या वर आहेत. पण एवढ्या मोठ्या देशाला हे कमीच, आणि जवळपास सगळी शहरात. गावात चूल पेटते, साखरपट्ट्यात ऊस तुटला की पाचट जळतं, तिथला धूर देशाच्या हिशोबात फारसा येतच नाही.

पट्टीच बदलली तर उंची कशी कळणार

लहानपणी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने उंचीची रेघ मारायचो ना, दर वाढदिवसाला. त्यात गंमत ही होती की चौकट तीच, पट्टी तीच, पायात चप्पल नाही. एका वर्षी चौकट बदलली की आधीच्या रेघा वाया. देशाची हवा वर्षानुवर्षं मोजण्यातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे, महागडी यंत्रं आणणं त्यामानाने सोपं.

आपल्याकडे चौकट बदललेली आहे. आधी हवेत तरंगणारी सगळीच धूळ मोजायचे, जाडी बारीक एकत्र. १९९४ च्या नियमांत बारीक, श्वासात जाणारी धूळ वेगळी आली. आणि नोव्हेंबर २००९ मध्ये नवे राष्ट्रीय निकष आले तेव्हा जुनी "एकूण धूळ" काढून टाकली आणि पीएम २.५ पहिल्यांदा आलं. बदल बरोबरच होता, शरीराला जास्त त्रास बारीक कणांचा. पण त्याचा अर्थ असा की १९९५ ची मुंबई आणि २०२५ ची मुंबई यांची पीएम २.५ ची थेट तुलना स्टेशनच्या आकड्यांवरून होऊच शकत नाही, त्या काळी ते नियमित मोजलंच जात नव्हतं. "आमच्या वेळी हवा स्वच्छ होती" किंवा "आता खूप सुधारली" असं कोणी छातीठोक म्हटलं की मी विचारते, कुठल्या धुळीची गोष्ट करताय?

दुसरा चकवा स्टेशनच्या संख्येचा. समजा एका शहरात दोन स्टेशनं आहेत, दोन्ही गजबजलेल्या चौकात, दोन्हीकडे १००. सरासरी १००. पुढच्या वर्षी दोन नवी स्टेशनं बसवली, झाडीच्या भागात, तिथे ६०. आता शहराची सरासरी ८०, वीस टक्के घट, बातमीचा मथळा तयार. हवा मात्र तसूभर बदललेली नाही. म्हणून तुलना करायची तर दोन्ही वर्षी चालू असलेल्या त्याच त्या स्टेशनांचीच करायची. बातमीत हे लिहिलेलं नसेल तर मी त्या टक्क्यांवर विश्वास ठेवत नाही.

तिसरा चकवा गायब दिवसांचा. स्टेशन डिसेंबर-जानेवारीत बंद पडलं आणि पावसाळाभर चालू राहिलं तर वर्षाची सरासरी आपोआप छान दिसणार. वर्षभर शाळेत गेला पण नेमका परीक्षेला गैरहजर, तशा मुलाचं प्रगतिपुस्तक. रोजच्या एक्यूआयसाठी २४ पैकी किमान १६ तासांचा डेटा हवा असा नियम आहे, पण वर्षाच्या सरासरीत किती दिवस होते आणि कुठल्या महिन्यांतले, हे आपणच बघावं लागतं.

जानेवारीची तुलना जानेवारीशीच

हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते, तिच्यालगतची हवाही गार आणि जड होते आणि वर गरम हवेचा थर बसतो, भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा. खालचा धूर वर जाऊ शकत नाही. पावसाळ्यात उलट, पाऊस हवा धुऊन काढतो. म्हणजे धूर सोडणाऱ्या गाड्या, भट्ट्या, बांधकामं सगळं तेवढंच राहिलं तरी जुलै आणि जानेवारीत आकडा कितीतरी पट वेगळा येतो. त्यामुळे "मागच्या महिन्यापेक्षा हवा सुधारली" या वाक्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये काही अर्थ नसतो.

मुंबई-ठाण्याला तर समुद्रावरचा वारा हा मोठा आधार. तो दुपारनंतर आत येतो आणि हवा हलवतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा इतकी बिघडली तेव्हा पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेत सफर हा हवेचा अंदाज देणारा प्रकल्प उभा करणाऱ्या गुफ्रान बेग यांनी सलग तीन वर्षं टिकलेल्या ला निनाकडे (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार पडतं ते) आणि त्यामुळे बदललेल्या वाऱ्यांकडे बोट दाखवलं होतं. याचा अर्थ धूळ आपली नव्हती असा नाही हं! धूळ आपलीच, फक्त ती वाहून नेणारा वारा त्या वर्षी रुसला. म्हणून एका वर्षाच्या चढ-उतारावरून कोणाला हार घालू नये आणि कोणाला शिव्याही देऊ नयेत. शास्त्रज्ञ हवामानाचा वाटा गणिताने वजा करून बघतात, आपल्याला ते जमणार नाही, पण तीन-तीन वर्षांची सरासरी लावून बघणं कोणालाही जमतं.

"स्टेशनपाशी पाणी मारलं की झालं, आकडा खाली!"

टँकर उभा करून फवारा मारला तर जाड धूळ थोडा वेळ बसते, पीएम १० थोडं खाली येऊ शकतं. पण बारीक कणांवर याचा परिणाम कमी, आणि नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड यांना पाण्याच्या फवाऱ्याने फारसा फरक पडत नाही. शिवाय पाच किलोमीटरवरचं दुसरं स्टेशन तर तेच सांगणार जे खरंय. म्हणजे फसवाफसवी करायची तर सगळ्या स्टेशनांवर, सगळ्या प्रदूषकांची, रोज करावी लागेल. एखाद्या ठिकाणी पीएम १० अचानक पडलं आणि बाकीचं सगळं जागच्या जागी असेल, शेजारची स्टेशनंही तशीच, तर शंका घ्यायला जागा आहे, आणि डेटा सार्वजनिक असल्याने ती शंका कोणीही तपासू शकतो. म्हणूनच हा डेटा उघडा असणं मला इतकं मोलाचं वाटतं.

सॅटेलाइट आहे ना वर, मग खाली पेट्या कशाला?

सॅटेलाइट जमिनीवरची धूळ मोजत नाही, जमिनीपासून वर आकाशापर्यंतच्या सगळ्या हवेत किती धुरकटपणा आहे ते बघतो, आणि मग गणिताने खाली नाकापाशी किती असेल याचा अंदाज बांधतात. तो अंदाज बरोबर आहे का हे तपासायला परत जमिनीवरची पेटीच लागते. ढग आले की धूळ बघणारे सॅटेलाइट आंधळे, म्हणजे कोकणात चार महिने सुट्टी. पण गावांबद्दल, स्टेशन नसलेल्या जिल्ह्यांबद्दल, आणि २००९ च्या आधीच्या पीएम २.५ बद्दल आपल्याला जे काही थोडंफार माहीत आहे ते सॅटेलाइटमुळेच. दोन्ही लागतात.

घरी ठेवायचे छोटे सेन्सर कणांवर प्रकाश पाडून मोजतात आणि दमट हवेत पाण्याने फुगलेल्या कणालाही धूळ समजतात. स्वयंपाक करताना खिडकी उघडायची का, हे ठरवायला चांगले. शहराचा निकाल लावायला नाहीत.

आपली मर्यादा एवढी ढिली का?

पीएम २.५ ची वर्षाची सरासरी आपल्या नियमाने ४० पर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं ५. आठपट फरक. याचं नेहमीचं उत्तर असं की त्यांचा आकडा आरोग्याचा आहे आणि आपला आकडा गाठता येईल असा, शिवाय आपल्याकडे वाळवंटाची, कोरड्या जमिनीची नैसर्गिक धूळ जास्त. यात तथ्य आहे. पण आईच्या फुप्फुसाला हे माहीत नसतं ना, तिला ३८ ची हवा नियमात बसते म्हणून त्रास कमी होत नाही. २००९ चे निकष आहेत हे, आणि माझ्या मते ते टप्प्याटप्प्याने कडक व्हायलाच हवेत.

मोजून होतंय काय पण?

होतं. पेट्रोलमधलं शिसं घ्या. फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं आणि हवेतलं शिसं झपाट्याने उतरलं, ते उतरलं हे कळलं कारण आधी आणि नंतर कोणीतरी फिल्टर पेपर बदलत होतं. सल्फर डायऑक्साइडचं तसंच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये गंधक १ टक्क्यापर्यंत असायचं, एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलमध्ये दहा लाखात १० भाग, म्हणजे हजारावा हिस्सा. आज जवळपास सगळ्या शहरांत सल्फर डायऑक्साइड मर्यादेच्या आत आहे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाड्या थांबल्या आणि नायट्रोजन डायऑक्साइड धाडकन खाली आलं, धूळही कमी झाली पण शून्य झाली नाही, आणि त्यातून हेही कळलं की सगळा दोष गाड्यांचा नाही.

आणि आता तर आकड्यांवर शहरांना मिळणारे पैसे अवलंबून आहेत. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यात सव्वाशेच्या वर शहरं आली आणि सगळ्यात जास्त महाराष्ट्रातली. मुंबई-पुणे-नागपूर तर आहेतच पण जालना, लातूर, सांगली, अकोला, चंद्रपूर, बदलापूरसुद्धा. लक्ष्य असं होतं की २०१७-१८ च्या मानाने पीएम १० हे २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं. इथे माझी तक्रार आहे. मोजायचं पीएम १० ठरवलं की पालिकेचं लक्ष जाड धुळीकडे जातं, रस्ते झाडायच्या मशिन्स येतात, फवारे येतात. ज्या बारीक कणांनी आई खोकते ते जळण्यातून येतात, डिझेल, कोळसा, कचरा, लाकूड, आणि त्यांचा हिशोब मागे पडतो.

त्या दिवशी ग्रुपवर मी शेवटी एवढंच लिहिलं, आई, आत्ता नको, सकाळचं झाकण अजून उघडलेलं नाही, चारनंतर वारा सुटला की जा. ती गेली संध्याकाळी. रात्री बसून मी तिच्या घराजवळच्या स्टेशनचा डेटा काढला, चार वर्षांचे चार जानेवारी, पीएम २.५ किती दिवस ६० च्या वर गेलं ते मोजायला. पहिली दोन वर्षं पूर्ण आहेत. तिसऱ्यात नऊ दिवस रिकामे. चौथ्यात, म्हणजे मागच्या वर्षी, सतरा. तो डेटा का नाही असं विचारणारी मेल संबंधितांना पाठवलीय, स्टेशनचं नाव आणि रिकाम्या तारखा एकेक करून लिहिल्यात.